तांबडी नाही, पांढरी पडायचे मी

पहिल्यांदा झालं ते आदोळीवर, म्हणजे विळीवर. मे महिन्यातला रविवार, मी खाली बसून नारळ खवत होते, कातळी संपत आली म्हणून जरा पुढे वाकले आणि छातीत एकदम धाडधाड सुरू झालं. धावून आल्यावर होते तशी धडधड नाही, दार ठोठावल्यासारखी. मग डोकं, दोन्ही कानशिलांत मुसळ घातल्यासारखं, मग घाम, इतका की ब्लाउज पाठीला चिकटला, आणि हाताची बोटं मात्र बर्फ. आणि भीती. ही भीती मला आजही नीट सांगता येत नाही. समोर अर्धा खवलेला नारळ, बाहेर कोंबड्या, चुलीवर भात, घाबरण्यासारखं काहीही नाही, आणि मी मात्र वाघ बघितल्यासारखी थरथरत होते. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. नंतर अशी गळून गेले की नारळ सासूबाईंनीच खवला.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तेव्हा वय ४६. गावच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं तर १४०/९०, जरासं वर, इसीजी नॉर्मल. घरात टेन्शन आहे का काही? आता टेन्शन कुणाला नसतं सांगा. माझ्या शाळेत पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं, पटसंख्या नाही म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करणार ही टांगती तलवार दरवर्षी असतेच, मुलगा पुण्यात नोकरी शोधतोय, घराचं कर्ज आहे, आणि वर माझं वय. डॉक्टर म्हणाले मेनोपॉज सुरू होतोय, त्यात असं होतं, मीठ कमी करा, योगा करा. बीपीची एक साधी गोळी दिली. मलाही पटलं. खरं तर तेच मला सगळ्यात जास्त खटकतं, की मला लगेच पटलं.

मग दीड वर्ष हेच. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. प्रत्येक वेळी मी कारण शोधायचे, काल मुलाशी फोनवर वाद झाला म्हणून, परवा शाळेत तपासणी आहे म्हणून. शोधलं की कारण सापडतंच, आपल्या आयुष्यात काय कमी असतात. पण खरं बघितलं तर तपासणीच्या दिवशी काही झालं नव्हतं, आणि झालं ते बुटाची नाडी बांधताना, केर काढताना, एकदा तर संडासात. कपालभाती सुरू केली तर तिसऱ्याच दिवशी चटईवर आडवी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आतलं टेन्शन बाहेर पडतंय, पडू दे. (पडतच होतं म्हणा, पण ते पोटातून पडतंय हे तेव्हा कुणाला माहीत.) या काळात माझं वजन सात किलो उतरलं आणि भेटेल तो म्हणायचा मॅडम, काय डाएट करता.

एका डॉक्टरांनी धडधड कमी व्हायला म्हणून बीटा ब्लॉकरची गोळी दिली. भीतीने छाती उडणाऱ्या लोकांना ही देतात आणि त्यांना ती लागू पडते, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या बाबतीत दुसऱ्याच रात्री आजवरचा सगळ्यात वाईट झटका आला, ह्यांनी गाडी काढून आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या नर्सने बीपी घेतलं, मशीन खराब असेल म्हणून दुसऱ्या मशीनवर घेतलं, ते पण २२०/१२०. तासाभराने १३०/८०. नर्स म्हणाली, असं वर-खाली मी कधी बघितलं नाही, तुम्ही बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जाच.

बांबोळीला गेले त्या दिवशी सासूबाईंचे डोळे पण दाखवायचे होते म्हणून त्या सोबत. आणि इथेच सगळं फिरलं. हार्मोनच्या ओपीडीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिने विचारलं, झटका येतो तेव्हा चेहरा लाल होतो का? मी म्हणणार होते हो, कारण गरम व्हायचं, घाम यायचा, म्हणजे लालच होत असणार, आरशात कोण बघतंय. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "तांबडी खंय जाता ती, धवीफुल्ल जाता! मढ्याभाशेन." म्हणजे लाल कुठली, पांढरीफटक पडते, मढ्यासारखी.

डॉक्टर मुलगी लिहायची थांबली. तिने सासूबाईंना पुढे बोलावलं आणि स्टूल दिलं. मग पुढची दहा मिनिटं ती माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलत होती. किती वेळ टिकतं, वाकल्यावर येतं का, हात गार पडतात का. सासूबाईंना सगळं माहीत होतं, दीड वर्ष त्या बघतच होत्या, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी पण नाही.

नंतर तिने समजावलं. मेनोपॉजच्या झळेत कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून चेहरा लाल होतो. ॲड्रिनलिन आणि विशेषतः नॉरॲड्रिनलिन उलटं करतात, कातडीकडच्या वाहिन्या आवळतात, रक्त आत ओढून घेतात, म्हणून माणूस पांढरा पडतो आणि बोटं गार होतात. डोकेदुखी, घाम, धडधड हे तिन्ही एकदम झटक्याने येतं आणि रंग उडतो, तेव्हा एका दुर्मिळ गोष्टीची शंका घ्यायची असते. नाव सांगितलं फिओक्रोमोसायटोमा. मी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं, शिक्षिकेची सवय.

आता थोडं शाळेतल्यासारखं सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे तीन काजूगर धरा. तिचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल वगैरे बनवतो आणि आतला गाभा ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन. ही दोन आणि डोपामिन मिळून कॅटेकोलअमाइन्स. जेवणातल्या प्रथिनांतून टायरोसिन येतं, त्याचं डोपा, डोपाचं डोपामिन, डोपामिनचं नॉरॲड्रिनलिन, आणि शेवटी त्याचं ॲड्रिनलिन, असा एकामागून एक कारखाना. गंमत म्हणजे शेवटची पायरी नीट चालायला बाहेरच्या थरातलं कॉर्टिसॉल आत झिरपावं लागतं. हल्ली रील्समध्ये जो तो उठून कॉर्टिसॉल कॉर्टिसॉल करतो, हे प्या म्हणजे कॉर्टिसॉल उतरेल, ते प्या. पण ते तासांच्या हिशोबाने चालणारं हार्मोन, सकाळी चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. पायाखाली साप दिसल्यावर सेकंदात उडी मारायला लावतं ते कॅटेकोलअमाइन, आणि ते रक्तात टिकतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. साप गेला की संपलं. माझ्या बाबतीत साप नव्हताच. त्या गाभ्यात एक गाठ वाढली होती आणि ती मनाला न विचारता स्वतःच्या मर्जीने माल सोडत होती. मी वाकले, पोटात दाब आला, की पिचकारी. म्हणजे शरीर आधी घाबरायचं आणि मन बिचारं मागून धावत कारण शोधायचं.

आता टेस्ट. चोवीस तासांची लघवी गोळा करायची. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन मिळाला, तळाला थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं, म्हणजे आतले पदार्थ टिकतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक मगमध्ये घेऊन कॅनमध्ये ओतायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची. सर्दीची गोळी नको, पॅरासिटॅमॉल नको, कॉफी नको, केळी पण नको म्हणाले. आणि हे सगळं कधी, तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या रविवारी! मी म्हटलं चवथ होऊन जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या, देव कुठे पळून जात नाही, आधी ते कर.

तर घरात माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, तयारी, ह्यांचे दोन चुलतभाऊ रानातून फळं-पानं घेऊन आलेले, रसबाळी केळ्यांचा घड पडवीत टांगलेला ज्याला मी हात लावायचा नाही, बायका नेवऱ्यांचं (करंज्यांचं) पुरण परततायत, आणि मी दर दोन तासांनी मग घेऊन मागच्या दारी. कॅन कुठे ठेवायचा यावर मोठी चर्चा. सोवळ्याचं घर, फ्रिजमध्ये नेवऱ्यांचं सामान. शेवटी मागे धोंडीच्या न्हाणीत, ओल्या गोणपाटाखाली. मुलांनी हात लावू नये म्हणून ह्यांनी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, ॲसिड. संध्याकाळी शेजारचा एकजण आला, त्याची रबराची झाडं आहेत थोडी, चीक गोठवून शीट करायला ॲसिड लागतं, न्हाणीत हात धुवायला गेला आणि बाहेर येऊन म्हणतो, वहिनी, तुमच्याकडे रबराचं ॲसिड आहे वाटतं, माझं संपलंय, उद्या शीट धरायच्या आहेत, अर्धा लिटर द्या ना. ह्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी म्हटलं, ते जरा वेगळं ॲसिड आहे. आत पुरण परतणाऱ्या बायकांचं हसणं पडवीपर्यंत ऐकू येत होतं. दीड वर्षात मी पहिल्यांदा अशी हसले, आणि हसताना पोट दाबलं गेलं म्हणून झटका पण आला, तो पण कॅनमध्ये जमा.

त्या डॉक्टर मुलीने नंतर सांगितलं की झटका आला नसता तरी चाललं असतं. पूर्वी थेट ॲड्रिनलिन मोजायचे, ते झटका नसताना नॉर्मल यायचं आणि रोग निसटायचा. पण गाठीच्या पेशींच्या आतच त्या मालाचा थोडा थोडा भाग सतत मोडत असतो आणि त्यातून मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन बनून बाहेर गळत राहतं, झटका असो नसो. चोर सापडला नाही तरी त्याच्या चुलीचा धूर दिसतो, तसं. ही मोडतोड शोधणाऱ्यांपैकी ज्युलियस ॲक्सलरॉड यांना १९७० साली नोबेल मिळालं. रक्ताची टेस्ट पण केली, तिच्या आधी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत आडवं ठेवलं, कारण नुसतं उठून बसलं तरी आकडा वाढतो. त्या अर्ध्या तासात मला डुलकी लागली, इतकी दमलेली होते.

रिपोर्ट यायला दहा दिवस. नॉरमेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या आठ पट. सीटी स्कॅनमध्ये उजव्या ग्रंथीत चार सेंटीमीटरची गाठ, लिंबाएवढी. त्यासोबत एक रात्री अकराला गोळी घेऊन सकाळी आठला रक्त द्यायची कॉर्टिसॉलची टेस्ट झाली, ती नॉर्मल.

मला खरं तर बरं वाटलं. गाठ आहे ऐकून कुणाला बरं वाटतं का? ह्यांचा चेहरा उतरला आणि मी आपली हसतेय. पण दीड वर्ष मी स्वतःला भित्री, नाजूक, टेन्शन घेणारी समजत होते आणि आता कुणीतरी फिल्मवर बोट ठेवून सांगत होतं की हे बघा, इथे आहे ती भीती.

मला वाटलं लगेच कापतील. नाही. आधी दोन-तीन आठवडे तयारी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची म्हणे. आधी अल्फा ब्लॉकर, माझ्या बाबतीत प्राझोसिन, आवळलेल्या वाहिन्या सैल करायला. मग काही दिवसांनी, गरज पडली तरच, बीटा ब्लॉकर. क्रम उलटा करायचा नाही. बीटाने वाहिन्या रुंद करणारी थोडी वाट पण बंद होते आणि आवळणारी वाट मोकाट सुटते, तेच माझं त्या रात्री झालं होतं. हे ऐकल्यावर मला दोन दिवस झोप आली नाही, आणि राग कुणावर करायचा ते पण कळेना.

प्राझोसिनच्या पहिल्या रात्री बाथरूमला उठले ती भिंत धरून खाली बसले, उभं राहिलं की बीपी पडायचं. नाक सतत चोंदलेलं. रोज बसून एकदा, उभं राहून एकदा बीपी घेऊन वहीत लिहायचं, चौथीच्या मुलांच्या गणिताच्या वहीसारखे कॉलम आखले होते मी. आणि मग डॉक्टर म्हणाले, मीठ खा. मी म्हटलं काय? मीठ खा, भरपूर, आणि पाणी प्या. इतके महिने वाहिन्या आवळलेल्या होत्या म्हणून शरीरात पाणीच कमी उरलेलं, आता वाहिन्या सैल होतायत तर त्या भरायला हव्यात, नाहीतर गाठ काढल्या काढल्या बीपी कोसळेल. दीड वर्ष मी अळणी जेवत होते हो! सासूबाईंनी त्याच दिवशी बरणी काढली. सकाळी दहाची पेज, उकड्या तांदळाची, आणि खारातलं तोर (कैरी), कोयीपर्यंत मीठ मुरलेलं. मी दोन वाट्या प्याले. पहिलं तोर चोखताना डोळ्यांत पाणी आलं, ते खारटपणाचं होतं असं धरून चाला.

ऑपरेशन दुर्बिणीतून, पोटावर चार भोकं. मला आठवतं ते एवढंच की भूल देणारे डॉक्टर दोन होते आणि भूल द्यायच्या आधीच मनगटाच्या धमनीत सुई घालून पडद्यावर बीपी दर ठोक्याला दिसेल अशी सोय केली. पुढचं सर्जननी नंतर सांगितलं. गाठीला हात लागला की बीपी २३० च्या वर, औषधाने खाली, परत हात, परत वर. शेवटी तिची शीर बांधली आणि मिनिटाभरात ७०. मग कसली ड्रिप लावली असेल? नॉरॲड्रिनलिनची! ज्याचा कारखाना नुकताच उचकटून काढला तेच बाटलीतून थेंब थेंब परत. आयसीयूत जाग आली तेव्हा बाटलीवरचं नाव मी चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करत होते, नर्सला वाटलं मी भ्रमात आहे. दर तासाला बोट टोचून शुगर पण बघत होते, कारण हे हार्मोन इन्सुलिनला दाबून ठेवतं, ते उठलं की इन्सुलिन उसळून शुगर पडू शकते. माझी आधी बॉर्डरवर असलेली शुगर, जिच्यासाठी मी कारल्याचा रस प्यायला होता, ती त्यानंतर नॉर्मलच आहे. दुसऱ्या दिवशी ड्रिप बंद, पाचव्या दिवशी घरी. एक ग्रंथी गेली तरी डावी पुरते.

सर्जननी मोबाईलवर गाठीचा फोटो दाखवला. कापल्यावर आत तपकिरी, करडी, पिकून गेलेल्या चिकूसारखी. नावाचा अर्थ पण तोच, ग्रीकमध्ये मळकट रंगाच्या पेशींची गाठ, क्रोमियमच्या क्षारात टाकली की तपकिरी होते म्हणून. लुडविग पिक नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये ठेवलेलं नाव. पण गोष्ट त्याच्याही आधीची. १८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये एक १८ वर्षांची मुलगी अशाच झटक्यांनी गेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींत गाठी निघाल्या, फ्रँकेल नावाच्या डॉक्टरने ते लिहून ठेवलं. शंभराहून जास्त वर्षांनी तिच्याच घराण्यातल्या लोकांची तपासणी केली तेव्हा हा आजार आणणारा जनुकातला दोष सापडला. हे मी वाचलं ते जीन टेस्टच्या निमित्ताने, कारण साधारण तीनातल्या एका पेशंटमध्ये ही गोष्ट रक्तातून आलेली असते. मी त्या मुलीचा खूप विचार केला. तिला पण लोकांनी सांगितलं असेल का, की टेन्शन घेऊ नकोस.

माझी जीन टेस्ट निगेटिव्ह आली, मुलाला आणि माझ्या भावाला त्रास नाही. पण ही गाठ पुढे पसरेल की नाही हे तिच्याकडे बघून खात्रीने सांगता येत नाही म्हणे, म्हणून दरवर्षी परत तो कॅन. आता त्याला घरात नाव पडलंय, रबराचं ॲसिड. आणि हो, हे वाचून लगेच स्वतःचा कॅन आणायला धावू नका, हा आजार फार दुर्मिळ आहे, बहुतेकांची धडधड खरोखरच टेन्शनची किंवा थायरॉइडची किंवा चहाची असते. पण झटके एकसारखे येत असतील, बीपी असं वर-खाली नाचत असेल आणि घरातलं कुणी म्हणत असेल की तू पांढरी पडतेस, तर ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी शाळेच्या पायरीवर घोणस निघाली. मुलांना वर्गात कोंडून मी दारात उभी, छाती धडधडतेय, हात गार. साप पकडणारा येऊन घेऊन गेला. मी घड्याळ लावून नाडी मोजत बसले, पाच मिनिटांत ७६. डावीचं काम चोख आहे. चौथीतला एक विचारतो, बाई, तुम्ही हसता का?

आणि मग गेल्या चवथीला, पडवीत पंचवीस माणसं, मी खतखत्याचं पातेलं उतरवत होते आणि मानेपासून एकदम झळ वर चढली. कान तापले, घाम फुटला. पातेलं खाली ठेवून मी तशीच सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले, काही न बोलता. त्यांनी चष्मा वर केला, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही बाजूंनी बघितलं. घरातले सगळे गप्प.

"तांबडी," म्हणाल्या. "तांबडी लाल जाल्या गो!"

ह्यांनी पातोळ्यांचं ताट पुढे केलं. मला मेनोपॉज लागला म्हणून आमच्या घरात गोड वाटलं गेलं.